सिस्टर आल्बिनाची चिलमची

मित्रांनो, चिलमची हा शब्द तुमच्यापैकी फार थोड्यांनी ऐकला असेल. हात धुण्यासाठी तिवईवर ठेवायचे पसरट, खोलगट भांडे म्हणजे चिलमची. घरोघरी बेसिन आले आणि माझ्यासारख्या चिलमच्या हळूहळू दिसेनाशा झाल्या. मी तामचिनीची आहे. माझ्या आत लोखंडी पत्रा आहे आणि त्यावर भट्टीत भाजून बसवलेला पांढरा लेप. काठाला एक निळी रेघ आहे. मध्येमध्ये लेप उडाला आहे, तिथे काळे डाग दिसतात.

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. माणसांचे हात माझ्यात धुतले जातात. त्या हातांवरून काय काय उतरते ते मला कळते. तुम्हाला गढूळ पाणी दिसते आणि तुम्ही ते ओतून देता. मला मात्र त्यात दडलेला आजार जाणवतो. इतकी वर्षे हे सोसल्यावर कोणीही घाबरट होईल.

माझा जन्म मुंबईतल्या एका कारखान्यात झाला. पत्रा दाबून मला आकार दिला, दुधासारख्या लेपात बुडवले आणि लालभडक भट्टीत ठेवले. माझ्या शेजारी ठेवलेली चिलमची आतच वाकडी झाली. तिला चिमट्याने उचलून भंगारात टाकले. मी धड बाहेर आले ते केवळ नशिबाने, असे मला वाटले. तेव्हाची भीती पुढे कधी पुरती गेली नाही.

तिथून मी वसईजवळच्या पापडी गावात आले. केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांमध्ये एक लहानसा दवाखाना होता. तिथे आल्बिना नावाची तरुण नर्स नुकतीच कामाला लागली होती. नर्सला आपल्याकडे सिस्टर म्हणतात, म्हणून सगळे तिला सिस्टर आल्बिना म्हणत. जखम बांधण्याआधी हात, बांधल्यानंतर हात, बाळंतिणीला हात लावण्याआधी कोपरापर्यंत हात, असे तिचे दिवसभर चाले. साबणाचा फेस बोटांच्या बेचक्यांत गेला की नाही हे ती स्वतःच वाकून पाही. दवाखान्यातले डॉक्टर एकदा म्हणाले, "सिस्टर, तुमच्या या चिलमचीत मी चहासुद्धा पिईन." त्या दिवशी मी माझ्या तिवईवर जरा ताठ बसले होते.

पण एका उन्हाळ्यात मिठागरांकडच्या पाड्यांवर जुलाब-उलट्यांची साथ आली. एक बाई आपल्या मुलाला खांद्यावर टाकून चालत आली. फार उशीर झाला होता. मुलाचे डोळे खोल गेले होते आणि कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राही. दुपारपर्यंत सिस्टर आल्बिना त्याच्याशेजारून हलली नाही. मग ती माझ्याजवळ आली आणि हात धुऊ लागली. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी ती चोळतच राहिली. माझ्यातले पाणी थरथरत होते. ते तिच्या हातांमुळे की माझ्यामुळे, हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढे दवाखान्यात नळ आला, स्टीलची बेसिने आली. मला एका कोपऱ्यात उलटे ठेवले. सिस्टर आल्बिना निवृत्त झाली तेव्हा तिने मला मागून घेतले आणि घरी नेले. घरी माझे काम काय? काही वर्षे तिच्या वाडीत कोंबड्या माझ्यात पाणी पीत. मग कोंबड्याही गेल्या. मी विहिरीजवळ पडून राहिले. माझ्यात पाला साचला, डास झाले. ज्या मला लोक स्वच्छतेसाठी ओळखत, तीच मी डासांचे घर झाले. मला स्वतःचीच किळस आली.

तिथून मला बाहेर काढले ते प्रेमलताबाईंनी. प्रेमलताबाई पापडीच्याच एका वाडीवाल्या घरातल्या. त्यांचा जन्म सिस्टर आल्बिनाच्या हातून झाला होता. आता त्या विरारला चंदनसारच्या एका शाळेत शिकवत होत्या. एके दिवशी त्या सिस्टरच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"आंटी, माझ्या सहावीच्या मुलांना फ्लॉरेन्स नाइटिंगेलबद्दल सांगायला याल का?" त्यांनी विचारले. "माझं सांगून झालंय. दिवा घेतलेली बाई, एवढंच त्यांच्या लक्षात राहतंय."

सिस्टर आल्बिना हसली. "सगळ्यांना दिवाच आठवतो," ती म्हणाली. "मी येते. पण दिवा नाही आणणार."

तिने मला राखेने आणि लिंबाने घासले. तिचे हात आता सुरकुतले होते आणि अधूनमधून कापत, पण घासण्याची पद्धत तीच होती.

जुलै महिना होता. दोन दिवस कोसळून पावसाने जरा उसंत घेतली होती, म्हणून शाळा उघडली होती. सिस्टरचा मुलगा क्लिफर्ड याने सकाळी आम्हाला गाडीने शाळेत सोडले. "मम्मी, दुपारी घ्यायला येतो," असे म्हणून तो गेला. शाळा दुमजली होती. सहावीचा वर्ग वरच्या मजल्यावर होता. मला टेबलावर ठेवले तेव्हा मुले माना उंचावून पाहू लागली. कोणी म्हणाले, हे घमेले आहे. कोणी म्हणाले, परात.

सिस्टरने मुलांच्या हातांना तेलात कालवलेली हळद लावली आणि म्हणाली, "धुवा आता, रोज धुता तसे." मुलांनी भराभरा हात धुतले. मग तिने एकेकाचा हात खिडकीतल्या उजेडात धरला. नखांत, बेचक्यांत, अंगठ्याच्या मागे हळद तशीच होती. रिद्धी नावाची एक मुलगी पुढच्या बाकावर होती. तिने आपली पिवळी नखे पाहिली आणि हात पाठीमागे लपवले.

"लपवू नको गो बाय," सिस्टर म्हणाली. "ही हळद आहे म्हणून दिसली. आजार असता तर दिसला नसता. तोच हात घेऊन तू घरी गेली असतीस."

रिद्धीच्या घरी तिचा सहा महिन्यांचा भाऊ होता, मयूर. तिने हात पुन्हा पुढे केले.

मग सिस्टरने गोष्ट सांगितली. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी इंग्लंड आणि रशिया यांच्यात युद्ध चालू होते. जखमी इंग्रज शिपायांना तुर्कस्तानात स्कुटारी नावाच्या ठिकाणी एका मोठ्या इमारतीत ठेवले होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल काही नर्सना घेऊन तिथे गेली. युद्धावरच्या शिपायांची सेवा करायला स्त्रियांनी जावे, हे तेव्हा अनेकांना पटत नव्हते. इमारतीखाली तुंबलेली गटारे होती. अंथरुणात उवा होत्या, जमिनीवर उंदीर होते. तिने कपडे धुण्याची सोय केली, स्वयंपाकघर लावले, जमिनी घासून घेतल्या, रात्री दिवा घेऊन ती रोग्यांमधून फिरे.

"आणि मग सगळे बरे झाले," मागून एक मुलगा म्हणाला.

"नाही," सिस्टर म्हणाली. "ती तिथे पोचल्यावरही पहिल्या हिवाळ्यात माणसं मरतच राहिली. गोळी लागून नव्हे, जुलाबानं, तापानं. गटारं साफ झाली, हवा खेळती झाली, तेव्हा कुठे मरण कमी झालं. घरी परतल्यावर तिनं मेलेल्यांचे आकडे मांडले, त्यांची रंगीत चित्रं काढली आणि सरकारपुढे ठेवली. शिपायांना शत्रूपेक्षा घाणीनं जास्त मारलंय, हे त्या चित्रांत दिसत होतं. तिनं लंडनमध्ये नर्सांसाठी शाळा काढली. आपल्या देशात ती कधीच आली नाही, पण इथली गटारं, इथलं पिण्याचं पाणी यांवर वर्षानुवर्षं लिहीत राहिली. मी नर्स झाले, माझ्या गावच्या कितीतरी मुली झाल्या, त्याची सुरुवात शोधत गेलात तर तिच्यापाशी पोचाल."

रिद्धीने हळूच विचारले, "तिला भीती नाही वाटली?"

सिस्टर तिच्याकडे वळली. "तिचं मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "माझं सांगते. मला दर वेळी वाटली."

एवढ्यात पुन्हा पाऊस सुरू झाला.

तो पाऊस वेगळा होता. समोरचे मैदान दिसेनासे झाले. प्रेमलताबाईंनी खिडकीतून पाहिले आणि त्यांचा चेहरा बदलला. रस्त्यावरचे पाणी शाळेच्या फाटकातून आत येत होते. ज्यांची घरे जवळ होती त्या मुलांना पालक येऊन घेऊन गेले. बाकीच्यांना न्यायला कोणी येऊ शकले नाही. मग उलटेच झाले. शाळेशेजारच्या चाळींत पाणी शिरले आणि तिथली माणसेच पोरेबाळे घेऊन शाळेच्या वरच्या मजल्यावर आली. रिद्धीचे आजोबा तुळशीदास पुढे होते. त्यांचे किराणा दुकान पाण्यात गेले होते. तरी त्यांनी दोघांना हाताशी घेऊन खालच्या खिचडीच्या खोलीतला गॅस, पातेली, मीठ, साखर, तांदूळ डोक्यावरून वर आणले. ते कंबरभर पाण्यातून जिन्याशी आले तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते.

वीज गेली. फोन लागेनात. एक एक पायरी करत पाणी वर चढत होते. लहान मुले जिन्यात जाऊन पाहत आणि परत येऊन सांगत, "अजून एक बुडाली." शेवटी प्रेमलताबाईंनी जिन्याकडे जायची मनाई केली. पण न पाहणे त्याहून वाईट होते. सगळे कान देऊन बसले होते. खाली बाके तरंगत होती आणि भिंतींवर आपटत होती. तो आवाज मी कधी विसरणार नाही. त्या रात्री कोणीच धड झोपले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाविका आजारी पडली.

भाविका चार वर्षांची होती. चाळीतली शेवटची खोली त्यांची. वडील कामावर अडकले होते, आई एकटीच तिला घेऊन आली होती. पहाटेपासून तिला जुलाब होत होते, मग उलट्या सुरू झाल्या. आईने कोणाला सांगितले नाही. लोक काय म्हणतील या भीतीने ती मुलीला पदराखाली झाकून कोपऱ्यात बसली होती. सिस्टर आल्बिनाने लांबूनच ओळखले. तिने जाऊन पदर बाजूला केला आणि मुलीच्या पोटाची कातडी चिमटीत धरली. ती कातडी लगेच खाली बसली नाही.

मित्रांनो, मी टेबलावरून ते पाहिले. मिठागराकडून आलेला तो मुलगा मला आठवला. सिस्टरलाही तोच आठवला असणार, कारण तिने ती कातडी पुन्हा एकदा चिमटीत धरून पाहिली.

"काय प्यायली ही?" तिने विचारले.

"काय नाय," आई म्हणाली. "काल तहान लागली म्हनून बाटलीतलं पानी दिलं. खालच्या नळाचं."

खालचा नळ पुराच्या पाण्यात बुडण्याआधी दुपारी सगळ्यांनीच तिथून पाणी भरले होते. गटाराचे पाणी तेव्हाच नळात मिसळले असणार. मग एकेकाने आपापल्या बाटलीकडे पाहिले. रिद्धीने आपली बाटली जमिनीवर ठेवली आणि पायाने दूर लोटली.

भीती सांडलेल्या तेलासारखी पसरते. थोड्याच वेळात भाविका आणि तिची आई यांच्याभोवती रिकामी जागा तयार झाली. कोणी कोणाला तसे सांगितले नव्हते. जो तो आपले अंथरूण थोडे थोडे सरकवत होता. मग तुळशीदास उठले. ते वाईट माणूस नव्हते. कालच त्यांनी सगळ्यांच्या जेवणासाठी जीव धोक्यात घातला होता.

"सिस्टर," ते हात जोडून म्हणाले, "तुम्ही मोठ्या आहात. पण माझा नातू सहा महिन्यांचा आहे. या मुलीला बाहेर ठेवा."

"बाहेर म्हणजे कुठे?" सिस्टरने विचारले.

तुळशीदासांनी जिन्याकडे पाहिले. उरलेल्या पायऱ्या ओल्या होत्या आणि खाली काळे पाणी हलत होते.  मागून दोघे-तिघे म्हणाले, "जिन्यात ठेवा. तिची आई आहे ना सोबत." भाविकाची आई कोणाशीच भांडली नाही. ती मुलीला उचलून उभी राहिली. खरोखरच ती जिन्याकडे निघाली होती.

सिस्टर आल्बिना दारात जाऊन उभी राहिली. ती उंच नव्हती, आवाजही मोठा नव्हता.

"मलाही भीती वाटते, तुळशीदासभाऊ," ती म्हणाली. "तुमच्या मयूरची वाटते, या सगळ्या पोरांची वाटते. म्हणूनच हिला जिन्यात पाठवायचं नाही. ती तिथे गेली तर तिची घाण आपल्याच दारात राहील आणि पोरगी गारठून जाईल. कोपऱ्यातला वर्ग रिकामा आहे. तिथे मी तिच्याजवळ बसते. मी, तिची आई आणि प्रेमलता, चौथं कोणी आत यायचं नाही. तिच्यासाठी बादली वेगळी, संडास वेगळा. खिडक्या उघड्या. आणि आतून बाहेर येणारा प्रत्येक हात या चिलमचीत धुतला जाईल."

तिने माझ्याकडे बोट दाखवले. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. मला पळून जावेसे वाटले. पण चिलमचीला पाय नसतात. मला उचलून त्या वर्गाच्या दाराबाहेर एका स्टुलावर ठेवले.

मग काम सुरू झाले. गच्चीवरच्या टाकीत थोडे पाणी होते, ते पातेल्यात उकळू लागले. सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या केल्या. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून सिस्टरने ढवळले. शाळेच्या कपाटात ब्लीचिंग पावडर सापडली, ती बादलीत आणि संडासात पडली. जेवणापूर्वी आणि संडासहून आल्यावर प्रत्येकाने हात धुवायचे, आणि ते मुलांनी पाहायचे, असे प्रेमलताबाईंनी ठरवले. ज्या मुलांची नखे काल हळदीने पिवळी राहिली होती, तीच आज मोठ्या माणसांना सांगत होती, "काका, अंगठा राहिला." मोठी माणसे निमूटपणे अंगठा चोळत. इतर वेळी ती रागावली असती.

आत भाविका चमचाचमचा पाणी पीत होती. प्यायलेले उलटून पडे. सिस्टर थोडा वेळ थांबे आणि पुन्हा चमचा लावी. दाराच्या फटीतून मला तिचा वाकलेला खांदा दिसत होता.

"सिस्टर, पोरगी जगंल ना?" आईने विचारले.

"ते मला माहीत नाही," सिस्टर म्हणाली. "हा चमचा तिच्या पोटात राहिला पाहिजे, एवढंच आता बघायचं."

दर वेळी दार उघडले की पांढरे पडलेले हात माझ्यात उतरत. पाणी ओतले जाई, मला ब्लीचिंग पावडरने घासले जाई, पुन्हा पाणी येई. मला वाटे, माझ्या उडालेल्या लेपाच्या खाचेत काही राहिले तर? एखादा हात अर्धवटच धुतला गेला तर? बाहेर मयूर रडला की माझा जीव गोळा होई. तो भुकेने रडतो आहे की पोटदुखीने, हे मला कळत नसे.

दुपार उलटून गेली तेव्हा आतून हुंदका ऐकू आला. मी हबकले. पण भाविकाची आई दारात आली आणि म्हणाली, "तिला लघवी झाली." ती रडत होती. आजारी माणसाला लघवी झाली म्हणून कोणी रडताना मी पहिल्यांदाच पाहिले. पण सिस्टरबरोबर राहून मला एवढे कळले होते की शरीरात पाणी टिकू लागल्याची ती खूण होती.

त्याच सुमारास खिडकीतून मुले ओरडली की होडी आली. क्लिफर्ड आदल्या दिवशी आईपर्यंत पोचू शकला नव्हता. तो वसईच्या किनाऱ्यावरच्या पाचूबंदरला जाऊन ऑगस्टीन नावाच्या कोळी मित्राला भेटला आणि दोघांनी त्याची लहान होडी टेम्पोत घालून पाणी लागेपर्यंत आणली होती. आता ती शाळेच्या व्हरांड्याला लागली. तिच्यात फार जागा नव्हती.

"मम्मी, चल," क्लिफर्ड म्हणाला.

"आधी ही पोरगी आणि तिची आई," सिस्टर म्हणाली. "मग तो तान्हा आणि त्याची आई. मी पुढच्या खेपेला येते."

"पुढची खेप कधी होईल सांगता येत नाही. पाण्याला ओढ आहे."

"म्हणूनच त्यांना आधी ने."

क्लिफर्डला आई ठाऊक होती. तो वाद घालत बसला नाही. होडी भाविकाला आणि मयूरला घेऊन गेली. सिस्टर माझ्याजवळ हात धुवायला आली आणि माझा काठ धरून उभी राहिली. तिच्या हातांचा स्पर्श मी आयुष्यभर ओळखत होते. ते हात बर्फासारखे गार होते. तेव्हा मला उमगले. पहिल्या दिवशी रक्तदाबाच्या गोळीबरोबर तीही त्याच खालच्या नळाचे पाणी प्यायली होती. सकाळपासून तिलाही त्रास होत होता आणि तिने तो लपवला होता. हे कोणाला तरी ओरडून सांगावे असे मला वाटले. मित्रांनो, वस्तू असण्याचे दुःख काय असते ते मला त्या क्षणी कळले.

ती माझ्यासमोरच खाली बसली. रिद्धीने ते पाहिले आणि ती किंचाळली.

संध्याकाळपर्यंत होडी परत आली नाही. पाण्याची ओढ वाढली होती आणि वाटेत एक कुंपणाची भिंत कोसळली होती. सिस्टरला त्याच कोपऱ्यातल्या वर्गात, भाविकाच्याच जागेवर निजवले. प्रेमलताबाई एकट्या पडल्या. त्यांना आता तिचे जड अंग उचलवत नव्हते. बाहेर सगळे उभे होते आणि कोणी आत पाऊल टाकत नव्हते.

तुळशीदास माझ्यापाशी आले. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. 

"रिद्धी," ते नातीला म्हणाले, "कसे धुवायचे ते दाखव."

"आजोबा, तुम्ही आत जाणार?"

"त्यांना कोणी उचलून धरायला नको का?"

रिद्धीने पाणी घातले. तळहात, तळहाताची मागची बाजू, बेचके, अंगठे, नखे, मनगट. ती एकेक नाव घेत गेली आणि म्हातारा माणूस एकेक करत गेला. मग ते आत गेले. त्यांनी सिस्टरचे डोके आपल्या हातावर घेतले आणि प्रेमलताबाईंनी चमचा लावला. सिस्टरने डोळे उघडून तुळशीदासांकडे पाहिले.

"मयूर पोचला असेल," ती पुटपुटली.

"पोचला असेल," तुळशीदास म्हणाले. "तुम्ही प्या."

ती रात्र त्या दोघांनी चमच्याचमच्याने काढली. सकाळी पाणी ओसरू लागले आणि होडी आली. क्लिफर्ड आणि ऑगस्टीन यांनी सिस्टरला चादरीत घालून खाली उतरवले. ती माझ्यासमोरून गेली तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. माझ्याकडे लक्ष देण्याइतका वेळ कोणालाच नव्हता, आणि ते योग्यच होते. मी स्टुलावर तशीच राहिले.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत भीतीचे होते. शाळा बंद होती. चिखल उपसणारी माणसे येत आणि जात. एकदा त्यांच्यातला एक जण म्हणाला, "ती म्हातारी सिस्टर गेली म्हणे." दुसरा म्हणाला, "असेल." मग त्यांनी फुगलेली पुस्तके, मोडकी बाके ढिगात टाकली आणि मलाही उचलून त्या ढिगावर ठेवले. मला ढिगाची भीती वाटली नाही. ते "असेल" माझ्या मनातून जाईना.

मला ढिगातून काढले ते प्रेमलताबाईंनी. त्यांच्यासोबत रिद्धी आणि आणखी काही मुली होत्या. मला नळाखाली धरून घासताना रिद्धीने विचारले, "बाई, सिस्टर आजी कशा आहेत?"

मी श्वास रोखला, असे मला म्हणता आले असते तर मी म्हटले असते.

"घरी आल्यात," प्रेमलताबाई म्हणाल्या. "मूत्रपिंडांना त्रास झाला होता. आता बऱ्या आहेत, पण फार थकल्यात. आता इतक्या लांब येणं त्यांना जमणार नाही. चिलमची शाळेतच ठेवा म्हणाल्या."

शाळेतल्या बाकीच्या काही मुलांचीही पोटे बिघडली होती. तीही बरी झाली. सिस्टर आल्बिना मात्र त्या पुरानंतर पूर्वीसारखी कधीच झाली नाही. रविवारी प्रेमलताबाई तिला भेटायला पापडीला जातात आणि सोमवारी तिची खुशाली मुलांना सांगतात. ती चार वाक्ये मी आठवडाभर पुरवते.

आता मी जेवणाच्या वर्गाबाहेर तिवईवर असते. वरून नळाचे पाणी येते, शेजारी साबण असतो. रिद्धी आता सातवीत आहे. मुले रोज घाईत असतात. काही जण नुसती बोटे ओली करून पळतात. ते पळाले की मी त्यांच्या पाठीकडे पाहत राहते आणि संध्याकाळपर्यंत मला चैन पडत नाही. त्यांना वाटते, हे एक जुने, डाग पडलेले भांडे आहे, ते कशाला काळजी करील.

या जूनपासून भाविका आमच्या शाळेच्या बालवर्गात येऊ लागली आहे. तिचा हात माझ्यापर्यंत पोचत नाही, म्हणून रिद्धी तिला उचलून धरते. भाविका पाण्यात हात आपटते आणि हसते. तिला त्या कोपऱ्यातल्या वर्गातले काहीही आठवत नाही.

तिच्या आईला सगळे आठवते. ती मुलीला सोडायला रोज दारापर्यंत येते. पाण्याची बाटली भाविकाच्या गळ्यात अडकवते, तिथून निघते, पुन्हा परत येते आणि रिद्धीला विचारते, "इथलं पानी उकळलंय ना?"

"हो काकी, उकळलंय," रिद्धी सांगते.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा विचारते. रिद्धी पुन्हा तेच सांगते, आणि आजवर ती एकदाही हसली नाही की कंटाळली नाही. मित्रांनो, तुमच्या घरीही असे कोणी असेल, एकच गोष्ट रोज घाबरून विचारणारे. त्यांना उत्तर द्या. त्यांनी काय पाहिले आहे ते तुम्हाला ठाऊक नसते.